मांगूर खाडीत उतरला तो आश्विन

परवा शाळा सुटल्यावर भिवंडीच्या धामणकर नाक्यावर शेअर रिक्षाची वाट बघत उभी होते. पाऊस नुकता मागे सरलेला, रस्त्यावरच्या चिखलाची धूळ झालेली, आणि ऊन असं की डोक्यावर पदर घेतला तरी टाळू भाजावी. फूटपाथवर एक मासेवाला निळं पिंप घेऊन बसला होता. पिंपात थोडंसं पाणी आणि त्यात काळे, बुळबुळीत, मिशाळ मासे एकमेकांवर चढत होते. एकाने शेपटी आपटली. चार थेंब माझ्या मनगटावर उडाले आणि मी हात झटकन मागे ओढला.

"लो ना मॅडम, जिंदा है," तो म्हणाला. मग माझ्याकडे नीट बघून मराठीत, "गावठी मांगूर हाय, तलावातला."

गावठी नव्हता. गावठी मांगूर मी लहानपणापासून बघितलाय. वितीएवढा, तपकिरी, भाताच्या खाचरात सापडतो. हा हातभर लांब होता, चपट्या डोक्याचा, राखाडी अंगावर काळे डाग असलेला. परदेशातून आणलेला मांगूर. तो पाळायला बंदी आहे आणि तो सगळीकडे विकला जातो. मी काही बोलले नाही. रिक्षा आली, बसले. पण कामतघरला उतरून घराचा जिना चढेपर्यंत मनगटावरचे ते थेंब सुकले नाहीत असंच वाटत राहिलं.

आश्विन आला की हे असं होतं. लोकांना झेंडूची फुलं दिसतात, गरब्याचे आवाज येतात. मला चिखलाचा वास येतो. आमचं गाव खाडीकाठी. भिवंडीतून रिक्षाने अर्ध्या तासावर. आता तिथे गोदामांचे पत्रे चमकतात, पण गोदामांच्या मागे अजून खारजमिनी आहेत, खारफुटीची तिवरं आहेत, आणि ओहोटीला उघडा पडणारा तो करडा, मऊ चिखल आहे. पावसाळाभर खाडीचं पाणी गोडसर असतं. डोंगरातून आलेल्या पाण्याने खार पुसून निघतो. आश्विनात तो हळूहळू परत यायला लागतो, आणि चिखलात निवट्या उड्या मारायला लागतात. बोटाएवढे मासे, पण चिखलावरून चालतात, डोळे डोक्यावर. आमच्या घरी या दिवसांत रोज निवट्यांचं कालवण असायचं. आंबट, तिखट, पातळ. भातावर घेतलं की ताटात ओहोळ वाहायचे.

निवट्या आणायची हिराआत्या. बाबांची धाकटी बहीण. लग्नानंतर दोनच वर्षांत नवरा गेला आणि ती माहेरी परत आली. आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते, भरतदादा तेरा. त्यानंतर आम्हाला वाढवलं ते आत्याने, आणि ते तिच्या उजव्या हाताने. हे मी शब्दशः म्हणते. ओहोटी लागली की लुगडं खोचून ती चिखलात उतरायची, गुडघाभर रुतायची आणि एकेका बिळात खांद्यापर्यंत हात घालायची. निवट्या, चिंबोऱ्या, कधी कोलंबी. टोपली भरली की डोक्यावर घेऊन नाक्यावर जाऊन बसायची. माझं बी. एड. त्या टोपलीतून झालं.

मला तिने बीळ ओळखायला शिकवलं होतं. "तोंडाशी पाणी गढूळ दिसला का समजाचा, आत कोणतरी हाय," ती म्हणायची. "हात सरळ घाल. घाबरून मागं घेतलास तर चिंबोरी धरील. बोटांनी बघ. डोळं मिटलं तरी चालतील." मी कोपरापर्यंत हात घालायचे. आत गार चिखल, आणि त्या चिखलात काहीतरी हललं की मी हात ओढून घ्यायचे. ती मात्र बिळात हात असताना माझ्याशी शाळेच्या गप्पा मारायची.

बाबा गेल्यावर जमीन दादाच्या ताब्यात आली. भात पिकणं कधीच बंद झालं होतं, कारण बांध फुटून खारं पाणी आत यायचं. दादा गोदामात ड्युटी करायचा. एक दिवस कुणीतरी बाहेरचा माणूस आला, जमीन भाड्याने मागितली, आणि आमच्या खाचरांत चार मोठी तळी खोदली गेली. रूपचंद मासे पाळणार, असं तो म्हणाला होता. दादाने विचारलं नाही. मीही विचारलं नाही.

एका रविवारी गावाला गेले तेव्हा सहज बांधावरून चालत तळ्यांकडे गेले. लांबूनच वास आला. कोंबडीच्या दुकानांतून पिंपं भरून एक टेम्पो आला होता. आतडी, पिसं, पाय, डोकी. दोन माणसांनी नाकाला फडकी बांधून पिंपं तळ्यात उलटी केली. तोवर तळं निवांत होतं, शेवाळी आणि काळं. पिंप पडलं आणि अख्खं तळं उकळलं. शेकडो तोंडं वर आली. रुंद, मिशांची, उघडझाप करणारी. मला आठवतो तो त्यांचा आवाज. चप चप चप. एवढ्या माशांचा मिळून तो एकच आवाज झाला होता. आतड्याचा एक गुंता बांधावर पडला. तो खायला एक मासा पाण्याबाहेर आला. छाती टेकून, दोन्ही बाजूंच्या काट्यांवर जोर देत, चिखलावरून सरकत माझ्या चपलेपासून हातभर अंतरावर आला, गुंता तोंडात धरला आणि तसाच सरकत मागे गेला.

मी शाळेत विज्ञान शिकवते. घरी येऊन वाचलं. हा मासा पाण्याबाहेरही श्वास घेतो. गढूळ पाण्यात त्याला दिसण्याची गरज नसते, मिशांनी भक्ष्य शोधतो. मासे, अंडी, बेडूक, किडे, मेलेलं, जिवंत, जे मिळेल ते खातो. काहीच मिळालं नाही तर स्वतःची पिल्लं खातो. आणि तळ्यापासून खाडी फक्त एका मातीच्या बांधाने वेगळी होती.

दादाशी भांडले. तो म्हणाला, "तुला काय जातंय बोलायला? तू फ्लॅटमध्ये राहतेस. पडीक जमिनीचे चार पैसे येतायत तर येऊ दे ना." मग मी अर्ज केला. सरकारी कचेरीत, सही करून, माझ्या नावाने. आपण बरोबर वागतोय अशी माझी खात्री होती. पुढचं जे सांगते त्याच्याबद्दल मात्र माझी कधीच खात्री नव्हती. कचेरीतून कळलं की सोमवारी माणसं येणार, तळी तपासणार, मासे खड्ड्यात पुरणार, आणि जमीनमालकावरही केस होऊ शकते. शनिवारी संध्याकाळी मी दादाला फोन केला.

"दादा, सोमवारी येणार आहेत. तुझं नाव लागू नये म्हणून सांगते. त्या माणसाला जमीन रिकामी करायला सांग."

तो म्हणाला, "अर्ज कुणी केला?"

मी म्हटलं, "मला नाही माहीत."

रविवारी सर्वपित्री अमावास्या होती. खाडीला उधाण. दुपारी पाणी बांधाच्या काठाला लागलेलं असताना आणि ओहोटी सुरू व्हायच्या बेतात असताना दादाने कुदळ घेतली आणि चारही तळ्यांचे बांध फोडले. एकट्याने. तळीवाला शनिवारपासूनच गायब होता. मी पोचले तेव्हा ओहोटी जोरात होती आणि आमच्या शेतातून काळं पाणी आवाज करत खाडीकडे चाललं होतं. पाण्यात पाठी दिसत होत्या. एकामागून एक, एकामागून एक. दादा कमरेपर्यंत चिखलाने माखलेला, कुदळीवर रेलून उभा होता. माझ्याकडे बघून म्हणाला, "उधाणानं फुटला बांध. समजलं ना?"

सोमवारी माणसं आली, उधाणानं बांध फुटला असं लिहून घेतलं आणि गेली. केस झाली नाही. त्या दिवशी घरात आत्याने पित्रांच्या जेवणाची उरलेली खीर आम्हाला वाढली. दादा आणि मी ताटाकडे बघून खात राहिलो.

पहिला आठवडा काहीच झालं नाही. खाडी तशीच वाटली. मग आत्या म्हणायला लागली, निवट्या कुठं गेल्या? दुसऱ्या आठवड्यात तिची टोपली अर्धी येऊ लागली. शेजारच्या आळीतल्यांच्या जाळ्यात बोयट माशांऐवजी काळे मांगूर यायला लागले. जाळं फाडायचे, काठावर टाकले तरी तासभर मरायचे नाहीत. तिवरांत रोज दिसणारी पाणकोंबडी आपल्या पिल्लांना घेऊन पाण्यावर जाईना. मी शाळा सुटली की गावाला जायचे आणि काठावर उभी राहून पाण्याकडे बघायचे. पाणी वरून शांत होतं. मधूनच एखादं तोंड वर यायचं, हवेचा घोट घ्यायचं, आणि वर्तुळ पसरत जायचं. मी ती वर्तुळं मोजायला लागले की मोजणं संपायचं नाही. आत्या तेवढ्यात लुगडं खोचून चिखलात उतरलेली असायची, आणि तिचा हात बिळात जाताना बघून मला ओरडावंसं वाटायचं. काय सांगून ओरडणार होते?

कोजागिरीच्या आदल्या दिवशी दादाचा फोन आला. "वैशू, आत्याला लागलंय." तिने चिंबोरीचं बीळ समजून हात घातला होता. आत मांगूर होता. त्याच्या कल्ल्याजवळचा काटा अंगठ्याच्या मुळाशी आरपार घुसला. तिने मासा लागल्या हातानेच ओढून बाहेर काढला, काटा उपटला, हळद भरली, आणि आम्हाला दोन दिवस सांगितलंच नाही. तिसऱ्या दिवशी हात कोपरापर्यंत सुजला. ताप चढला.

नाक्याजवळच्या दवाखान्यात आणलं. तिथल्या डॉक्टरबाई भिवंडीच्याच, जुन्या कोकणी मुसलमान घरातल्या. त्यांनी जखम दाबून बघितली, पू काढला आणि आम्हा दोघांना बाहेर बोलावलं. "दोन दिवस लवकर यायला हवं होतं. हात वाचवायचा प्रयत्न करतेय. अंगठ्याचं मी सांगू शकत नाही." मग म्हणाल्या, "हा मासा खाडीत आला कुठून? माझे आजोबा याच खाडीत होडी घालायचे. हे असलं कधी ऐकलं नव्हतं."

दादा भिंतीकडे बघत होता. मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होते. डॉक्टरबाई दुसऱ्या पेशंटकडे गेल्या.

तीन दिवस आम्ही आळीपाळीने तिच्याजवळ बसलो. लाली मनगटाच्या वर चढतेय की उतरतेय हे कळावं म्हणून नर्सने बॉलपेनने कातडीवर रेघ मारली होती. पहिल्या दिवशी लाली रेघेच्या वर गेली. नर्सने दुसरी रेघ मारली. लाली तिच्याही वर गेली. मी रेघेवरून नजर काढू शकत नव्हते. तिसऱ्या दिवशी सकाळी ती तिथेच थांबली होती. दुपारी एक बोटभर खाली आली. आत्याने डोळे उघडले आणि पाणी मागितलं, आणि मला पुढचं धरून ठेवता आलं नाही.

"आत्या, अर्ज मी केला होता. आणि दादाला आधी सांगितलं तेही मीच."

दादा दारात उभा होता. हातात डबा. तो आत आला, डबा खाली ठेवला. "बांध उधाणानं नाय फुटला, आत्या," तो म्हणाला. "मी फोडला."

तिने आमच्याकडे पाळीपाळीने बघितलं. पंखा फिरत होता. शेजारच्या खाटेवरच्या बाईचा नातू रडत होता.

"ती मासली खाते काय?" तिने विचारलं.

"काय?"

"तू मास्तरीण हायेस ना? मंग सांग मना. ती खाडीत खाते काय? तिचा पोट कशावर भरतंय ता कळल्याशिवाय तिला धरशील कशी?"

रागावली असती, रडली असती तर मला सोपं गेलं असतं. ती त्यानंतर या विषयावर एक शब्द बोलली नाही. घरी आली, उजवा हात गळ्यात अडकवलेला, आणि दुसऱ्याच दिवशी मागच्या दारातल्या दगडावर बसली. दादाने जाळ्यातले मांगूर आणायचे, मी पोट फाडायचं, आणि तिने बघायचं. मी वहीत लिहून घ्यायचे. शाळेतून सुट्टी काढली होती. घरी नवऱ्याला म्हटलं होतं, आत्याची सेवा करते.

आत काय नव्हतं! कोलंबीच्या मिशा. निवट्यांची पिल्लं, अख्खी, डोळ्यांसकट. चिंबोरीचा मऊ पाय. बेडूक. एकाच्या पोटात कापडाच्या धाग्याचा गोळा निघाला, पॉवरलूमवरून नाल्यात येतो तसला, निळा. एका मोठ्या माशाच्या पोटातून दुसरा लहान मांगूर निघाला. दादा उठून नळावर गेला आणि कितीतरी वेळ तोंड धूत राहिला.

पण चौथ्या-पाचव्या दिवशी आत्याने डाव्या हाताने वही पुढे ओढली. तिला वाचता येत नाही. "पुन्हा सांग बरं," म्हणाली. मी वाचत गेले आणि तिने थांबवलं. ज्यांच्या पोटात निवट्या होत्या ते मासे वरच्या ओहोळातले होते आणि थोडे होते. बाकीच्या बहुतेकांच्या पोटात कोंबडीची आतडी होती. ते सगळे पुलाखालून धरलेले. पुलावरून आजूबाजूच्या गावांतली दुकानं रोज घाण खाली टाकत होती. आमच्या गावच्या हळदी-लग्नांचं उरलंसुरलंही तिथेच जायचं. तळ्यात त्यांना जे खायची सवय लागली होती, तेच त्यांना खाडीत आयतं मिळत होतं.

"बग," आत्या म्हणाली, "ती आपल्या हातचाच खाते."

मग दादाने गळ बांधले. आतड्याचं आमिष लावून, पुलाखाली, एकेका दोरीला वीस-वीस. ड्युटीवर जायच्या आधी टाकायचे आणि आल्यावर ओढायचे. आळीतले चौघे-पाच जण मदतीला आले. सरपंचांशी बोलून पुलावरून घाण टाकणं बंद करायला लावलं. ते निम्मं बंद झालं, निम्मं चालू राहिलं. धरलेले मासे खड्ड्यात चुना टाकून पुरले. दादाचे हात काट्यांनी फाटले, पण एकदाही त्याने मला दाखवले नाहीत. मी डेटॉलचा बोळा घेऊन गेले की हात मागे घ्यायचा.

आणि आम्ही खाराची वाट बघत राहिलो. मी वाचलं होतं की हा मासा पार खाऱ्या पाण्यात टिकत नाही. आत्या रोज भरतीला काठावर जायची, डाव्या हाताचं बोट पाण्यात बुडवून जिभेला लावायची. "गोडी हाय." दुसऱ्या दिवशी, "गोडीच." दिवाळी गेली. त्या वर्षी पाऊस लांबला होता, कार्तिकातही एकदा पडला, आणि मी त्या पावसाकडे बघून रडले. निवट्यांचं एकही पिल्लू चिखलावर दिसत नव्हतं. आणखी एक महिना असाच गेला तर पुढच्या वर्षी बिळात काय उरणार होतं?

मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी आत्याने बोट जिभेला लावलं आणि तोंड वाकडं केलं. "खारी," ती म्हणाली. पुन्हा बुडवलं, पुन्हा लावलं. "खारी गो बाय. चांगली खारी." त्यानंतरच्या आठवड्यात गळ रिकामे यायला लागले. मांगूर वर सरकले, नाल्यांकडे, गोड्या पाण्याकडे. मेले नाहीत. अजून तिथे आहेत, दर पावसाळ्यात थोडे खाली उतरतात. पण खाडीच्या तोंडाकडचा चिखल त्या उन्हाळ्यात पुन्हा हलायला लागला. पहिली निवटी मीच बघितली. एकच होती. उडी मारून बिळात गेली.

आत्याचा हात वाचला. अंगठा वाळला, वळत नाही. दादाने तळी पुन्हा कुणाला दिली नाहीत. बांध तसेच फुटलेले ठेवले. त्यातून भरती-ओहोटी येते-जाते, तिवरांची रोपं आपोआप उगवलीत. त्याने आत्याची माफी मागितलेली मी कधी ऐकली नाही. तो फक्त तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी तिच्याबरोबर चिखलात उतरतो. ती बीळ दाखवते, तो हात घालतो. ती नको म्हणाली नाही, हो म्हणाली नाही. अशी सहा वर्षं.

नाक्यावरचा तो मासेवाला दिसला त्याच्या पुढच्या रविवारी मीही गेले. ओहोटी अर्धी झाली होती. दादा पुढे, आत्या मध्ये, मी मागे. एका तिवराच्या मुळाशी बीळ होतं, तोंडाशी पाणी गढूळ. चिंबोरीचं असेल, निवटीचं असेल, पावसात उतरलेला एखादा मांगूरही असेल. दादा वाकला आणि त्याने बाही वर सारली. आत्याने त्याचं मनगट धरलं.

"ऱ्हव दे," ती म्हणाली. "तुला उद्या ड्युटी हाय."

"आत्या, अगं—"

"सरक म्हणतंय ना."

तिने त्याला बाजूला केलं. लुगडं खोचलं, चिखलात गुडघा टेकला आणि डावा हात बिळात घातला. मनगट गेलं, कोपर गेलं. दादा तिच्या चेहऱ्याकडे बघत होता आणि त्याचे ओठ हलत होते. हात खांद्यापर्यंत आत गेला आणि थांबला. आम्हा तिघांपैकी कुणीच हललं नाही.

"वैशू," आत्या म्हणाली, "शाला कवा सुरू होते गो तुजी दिवालीनंतर?"